सायकल चालवून पोट भरतं का?

मित्रांनो, हा लेख म्हणजे खरं तर एका प्रश्नाचं उत्तर आहे. प्रश्न माझा नव्हता, आणि उत्तर द्यायला मी तब्बल सहा महिने उशीर केलाय.

झालं असं. आमच्या विंगमध्ये फर्स्ट इयरचा एक पोरगा आहे. नाव लिहीत नाही, तुम्ही सगळे त्याला ओळखता. संध्याकाळी मेस उघडायच्या आधी सायकल स्टँडसमोर पुढचं चाक हवेत उचलून अख्खा काँक्रीट रोड पार करतो ना, तोच. (लेडीज हॉस्टेलच्या वळणावर चाक जरा जास्तच वेळ हवेत राहतं, हा भाग वेगळा!) पहिल्या सेमला साहेबांचे एम-वन आणि ग्राफिक्स दोन्ही गेले. रिझल्ट घरी कळला तसे वडील रात्रीची गाडी धरून आले. ते स्वतः एसटीच्या डेपोत मेकॅनिक. पोरगा ग्राउंडवर होता, म्हणून माझ्याच कॉटवर बसले. मी चहा आणला. चहा संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, की पोरगं ते बीएमएक्स का काय म्हणतंय, त्यातच करियर करायचं म्हणतंय, तर सायकल चालवून माणसाचं पोट भरतं का? चिडून नाही विचारलं. मी फायनल इयरचा, मला ठाऊक असेल, अशा भरवशाने विचारलं.

मी काहीतरी थातूरमातूर बोललो. काका मान डोलवत राहिले. दुपारच्या गाडीने परत गेले. प्रश्न मात्र माझ्या कॉटवरच राहिला.

सबमिशनचे दिवस होते, म्हणजे सबमिशन सोडून बाकी सगळं वाचायचे दिवस! मी बीएमएक्स आणि माउंटन बाइकच्या प्रोफेशनल रायडर्सबद्दल वाचायला बसलो. त्यांचे स्पॉन्सर, त्यांची बक्षिसं, त्यांची मोडलेली हाडं. त्या धाग्याला धरून मागे मागे जाता जाता एकदम १८९० च्या दशकात जाऊन पडलो. सायकल चालवणं हा पगारी धंदा होऊ शकतो, हे जगाला कळलं ते त्या काळात. आणि तिथे मला एक माणूस भेटला. काळा रंग, मध्यम उंची, ट्रॅकवर सगळ्यांच्या पुढे. त्याचं नाव मार्शल टेलर. जग त्याला मेजर टेलर म्हणून ओळखतं. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही. मीही ऐकलं नव्हतं.

टेलरचा जन्म २६ नोव्हेंबर १८७८ चा, अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहराजवळचा. तिथली गुलामगिरी कायद्याने संपून जेमतेम तेरा वर्षं झाली होती. वडील यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेकडून लढलेले. पुढे साउदर्ड नावाच्या श्रीमंत गोऱ्या कुटुंबाकडे घोडागाडी हाकायचे. त्या घरात मार्शलच्याच वयाचा एक मुलगा होता. दोघांची अशी गट्टी जमली, की त्या घरच्यांनी मार्शलला आपल्याकडेच ठेवून घेतलं. तेच कपडे, तीच खेळणी, घरी शिकवायला येणारे तेच मास्तर. आणि मित्राबरोबर त्यालाही मिळाली एक सायकल.

पण दोस्तांची टोळी वायएमसीएच्या व्यायामशाळेत गेली, की मार्शलला आत प्रवेश नसायचा. दोस्त खाली खेळायचे आणि हा वर गॅलरीत उभा राहून बघायचा. घरात सगळं सारखं, पण घराबाहेर पाऊल टाकलं की रंग दिसायचा. ही गॅलरी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काही वर्षांनी साउदर्ड मंडळी शिकागोला गेली. मार्शललाही न्यायची त्यांची तयारी होती, पण आईने पोराला सोडलं नाही. मग मोठ्या बंगल्यातून तो परत स्वतःच्या गरीब घरात आला. बंगल्यातलं एकच सोबत आलं. सायकल! तो तिच्यावरून पेपर टाकायला लागला आणि रिकाम्या वेळात तिच्यावर कसरती करायला शिकला.

आता इथे आपल्या विंगमधल्या त्या महाशयांनी जरा सरसावून बसावं. एके दिवशी मार्शल हे अँड विलिट्स नावाच्या सायकलच्या दुकानात दुरुस्तीसाठी गेला. काम झाल्यावर निघताना त्याने सहज एक कसरतीची उडी मारून सायकलवर टांग टाकली. मालकाने ते पाहिलं आणि दुकानासमोर पुन्हा करून दाखवायला सांगितलं. इतकी गर्दी जमली, की रस्ता मोकळा करायला पोलीस बोलवावे लागले. मालक पक्का व्यापारी. त्याने पोराला तिथल्या तिथे नोकरीवर घेतलं. आठवड्याला सहा डॉलर आणि वर पस्तीस डॉलरची एक सायकल. काम काय, तर दुकान झाडायचं आणि रोज दुपारी चार वाजता दुकानापुढे कसरती करायच्या. अंगावर लष्करी गणवेश. त्या गणवेशावरून लोक त्याला मेजर म्हणायला लागले आणि ते नाव जन्मभर चिकटलं.

म्हणजे बघा, हा थोर प्रोफेशनल सायकलपटू सुरुवातीला रेसर नव्हताच. तो दुकानाबाहेर स्टंट करणारा पोरगा होता!

पहिली रेस तर चेष्टेतच झाली. दुकानातर्फे दरवर्षी दहा मैलांची शर्यत असायची. मालकाने गंमत म्हणून या तेराएक वर्षांच्या पोराला रेषेवर उभं केलं. पोरगा घाबरून रडायला लागला. तेव्हा मालकाने कानात सांगितलं, की थोडं अंतर जा आणि माघारी फिर, लोकांना मजा वाटेल. मोठ्यांच्या आधी सोडलं होतं, त्यामुळे तो पुढे होता. पण माघारी फिरायचं सोडून तो चालवतच सुटला. वाटेत त्याला सोन्याचं मेडल दाखवलं गेलं. पोरगा जिंकला आणि रेषेपलीकडे कोसळला. शुद्धीवर आल्यावर ते मेडल घेऊन धावत आईकडे गेला.

आता थोडी थिअरी. घाबरू नका, ओरल नाहीये! १८८५ च्या सुमाराला दोन सारख्या चाकांची, चेनवर चालणारी सेफ्टी सायकल बाजारात आली. १८८८ मध्ये डनलपने हवा भरलेलं टायर आणलं. झालं, सायकलचा वेग एकदम वाढला आणि सायकल सर्कशीतून रस्त्यावर आली. अमेरिकेत कारखाने भराभर उघडले. आपली सायकल दुसऱ्यापेक्षा जोरात पळते हे लोकांना दाखवायचं कसं? तर पळवणारा माणूस ठेवून. अशा रीतीने प्रोफेशनल रायडर जन्माला आला. कंपनीची सायकल, कंपनीचं टायर, कंपनीचा पैसा. लाकडी ट्रॅकवर हजारो लोक तिकीट काढून यायचे. आजच्या रायडरच्या जर्सीवरचे लोगो बघा, सूत्र तेच आहे.

पण या धंद्याच्या दारावर पाटी होती. अमेरिकेतली सायकलस्वारांची सगळ्यात मोठी संघटना म्हणजे लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन. तिने १८९४ मध्ये फक्त गोऱ्यांनाच सदस्य करून घ्यायचा नियम केला. (तो नियम अधिकृतपणे मागे घेतला गेला १९९९ मध्ये. एकशेपाच वर्षांनी!) त्यातल्या त्यात नशीब एवढंच, की सदस्यत्व वेगळं आणि शर्यतीचा परवाना वेगळा होता. त्या फटीतून टेलर आत शिरला.

फट दाखवणाऱ्या माणसाचं नाव लुई मंगर. लोक त्याला बर्डी म्हणायचे. तो स्वतः जुना गोरा रेसर, आता सायकली बनवायचा. टेलर त्याच्याकडे कामाला होता. या पोराला मी जगातला सगळ्यात वेगवान सायकलस्वार करणार, असं मंगर चारचौघांत सांगायचा आणि त्यापायी धंद्यातल्या लोकांशी त्याचे खटके उडायचे. शेवटी १८९५ मध्ये तो टेलरला घेऊन मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वुस्टर गावी गेला. तिथे एक गोष्ट घडली, ती टेलर कधी विसरला नाही. वुस्टरच्या वायएमसीएने त्याला आत घेतलं. गॅलरीत नाही, खाली, व्यायामशाळेत.

पुढच्या वर्षी, १८९६ मध्ये, तो इंडियानापोलिसला परतला आणि तिथल्या ट्रॅकवर घड्याळ लावून एक मैल मारला. नामांकित गोऱ्या प्रोफेशनलच्या वेळेपेक्षा त्याची वेळ कमी भरली. बक्षीस म्हणून काय मिळालं? त्या ट्रॅकवर बंदी.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो प्रोफेशनल म्हणून उतरला. वय अठरा. अर्ध्या मैलाच्या स्प्रिंटमध्ये त्याने एडी बाल्ड या त्या वेळच्या चँपियनला हरवलं आणि दोनशे डॉलर जिंकले. तेवढ्यावर थांबायचं ना! पण नाही, लगेच सहा दिवसांच्या शर्यतीत उतरला. ही शर्यत म्हणजे निव्वळ अघोरी प्रकार होता. दिवसरात्र गोल गोल फिरायचं, झोप लागली तर तुमचं अंतर कमी. स्प्रिंटरने त्यात उतरायचं म्हणजे शंभर मीटरवाल्याने दिंडीबरोबर धावत पंढरपूर गाठायचं! शेवटी शेवटी टेलरला भास व्हायला लागले. कुणीतरी सुरा घेऊन आपल्या मागे लागलंय, असं तो सांगायचा. तरी १,७३२ मैल, म्हणजे जवळजवळ २,७८७ किलोमीटर करून तो आठवा आला. या शर्यतींची इतकी बोंब झाली, की १८९८ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कायदा करून एका माणसाला दिवसाला बारा तासांच्या वर चालवायला बंदी केली. मग दोघादोघांच्या जोड्या आल्या. ऑलिंपिकमध्ये मॅडिसन नावाची ट्रॅक शर्यत असते, तिचं मूळ हे.

आता मला सगळ्यात जास्त भिडलेला भाग. मेकॅनिकलवाल्यांना माहीत आहे, हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी पॉवर घनाच्या. वेग दुप्पट तर पॉवर आठपट. म्हणून समोरच्याच्या मागे चिकटून राहणारा माणूस साधारण तिसरा हिस्सा ताकद वाचवतो. ट्रॅकवरची स्प्रिंट म्हणूनच नुसत्या मांड्यांची नसते, डोक्याची असते. मागे राहायचं, वाट बघायची आणि शेवटच्या क्षणाला बाहेर झेपावायचं. पण टेलरच्या बाबतीत बाकीचे सगळे मिळून एक संघ व्हायचे. एक पुढे, एक उजवीकडे, एक मागे. त्याला पेटीत कोंडायचे. कोपर मारायचे, चाकाला चाक घासायचे. त्या सायकलींना ना ब्रेक ना फ्रीव्हील, पडला की लाकडाच्या फळ्यांवर सालटी निघायची. १८९७ मध्ये टाँटन इथल्या शर्यतीनंतर बेकर नावाच्या स्पर्धकाने त्याला सायकलवरून खाली खेचलं आणि तो बेशुद्ध पडेपर्यंत त्याचा गळा आवळला. शिक्षा? पन्नास डॉलर दंड! १८९८ मध्ये सरावासाठी तो दक्षिणेत जॉर्जिया राज्यात गेला, तर अठ्ठेचाळीस तासांत गाव सोड, नाहीतर बघ, अशी निनावी चिठ्ठी आली. कित्येक ठिकाणी हॉटेलात खोली मिळायची नाही, जेवण मिळायचं नाही.

यावर त्याने शोधलेला उपाय अगदी इंजिनियरसारखा होता. पेटीत अडकायचंच नसेल, तर इतक्या लवकर आणि इतक्या जोरात बाहेर पडायचं, की पेटी बंद व्हायच्या आत आपण गेलेले. हँडल पुढे-मागे सरकवता येणारा लांब स्टेम त्याने वापरात आणला. त्यामुळे पाठ आडवी ठेवून हवा कापता यायची. तो स्टेम आजही जुन्या सायकलींच्या शौकिनांमध्ये त्याच्याच नावाने ओळखला जातो. चेनऐवजी बेव्हेल गिअर आणि शाफ्टवर चालणाऱ्या सायकलीवरही त्याने विक्रम केले. माणसांनी त्याच्यावर अन्याय केला, पण घड्याळाला रंग दिसत नव्हता. म्हणून तो सारखा घड्याळाकडे जायचा. १८९८ पर्यंत सात जागतिक विक्रम त्याच्या नावावर होते. १८९९ च्या नोव्हेंबरमध्ये शिकागोत वाफेवर चालणाऱ्या टँडेमच्या मागे त्याने एक मैल सुमारे १ मिनिट १९ सेकंदांत मारला. मी कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, ताशी ७३ किलोमीटर येतात. आपल्या गेटसमोरच्या रस्त्यावर एवढ्या वेगाने बाइक नेली तर वॉचमन काका नंबर लिहून घेतात!

त्याच्या तीन महिने आधी, १० ऑगस्ट १८९९ रोजी, कॅनडात माँट्रिऑल इथे तो एक मैलाच्या स्प्रिंटचा विश्वविजेता झाला. कुठल्याही खेळात विश्वविजेता झालेला तो दुसराच कृष्णवर्णीय, पहिला मुष्टियोद्धा जॉर्ज डिक्सन. बँडने अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं, तेव्हा त्याला भरून आलं. ज्या देशात हॉटेलवाला खोली देत नव्हता, त्या देशाचं गीत! १९०० मध्ये तो अमेरिकेचाही स्प्रिंट चँपियन झाला. त्याच सुमारास वुस्टरमध्ये त्याने चांगल्या वस्तीत घर घेतलं, तर शेजारी जास्त पैसे देऊन ते परत विकत घ्यायला आले. त्याने विकलं नाही.

टेलर देवभीरू बाप्टिस्ट होता. दारू नाही, शिवी नाही, आणि रविवारी शर्यत नाही. युरोपातल्या मोठ्या शर्यती तर रविवारीच असायच्या. तिकडून भल्यामोठ्या रकमा येत होत्या, तो नाही म्हणत राहिला. शेवटी आयोजकच नमले आणि १९०१ मध्ये रविवार सोडून इतर वारी शर्यती ठरल्या. पॅरिसमध्ये त्याची गाठ होती एदमाँ जॅकलिनशी, हा १९०० चा विश्वविजेता. १६ मेला थंडी पडली होती, टेलरला थंडी मुळीच सोसायची नाही. जॅकलिनने दोन्ही फेऱ्या जिंकल्या. २७ मेला पुन्हा सामना. ऊन होतं. पहिली फेरी टेलरची. दुसऱ्या फेरीआधी त्याने जॅकलिनपुढे शांतपणे हात केला. हस्तांदोलन झालं, आणि मग ती फेरीही टेलरची! पॅरिसमध्ये लोक त्याला बघायला रस्त्यावर गर्दी करायचे. ज्याला घरी गॅलरीत उभं केलं होतं, त्याला बघायला आता गॅलऱ्या भरत होत्या.

१९०२ मध्ये डेझी मॉरिसशी त्याचं लग्न झालं. १९०३ मध्ये दोघं ऑस्ट्रेलियाला गेली. दुसऱ्या दौऱ्यात, मे १९०४ मध्ये, त्यांना मुलगी झाली. सिडनी शहरात जन्मली म्हणून तिचं नावच सिडनी ठेवलं. पण त्या दौऱ्यात अमेरिकेतले जुने विरोधक तिथेही येऊन पोचले होते. पुन्हा तीच पेटी, तेच धक्के. मेलबर्नला आयव्हर लॉसनशी झालेल्या सामन्यात टेलर जोरात पडला आणि लॉसनला निलंबित केलं गेलं. परत येताना सॅन फ्रान्सिस्कोत उतरल्यावर पुन्हा हॉटेलांची दारं बंद. घरी पोचला आणि अंथरुणाला खिळला. शरीर नव्हे, मन थकलं होतं. पुढची दोनेक वर्षं तो शर्यतीत उतरलाच नाही. १९०७ नंतर युरोपात पुन्हा चालवली, जिंकलाही, पण आधीची धार राहिली नव्हती. शेवटी शेवटी पैशाच्या गरजेपोटी रविवारचा नियमही मोडला. १९१० मध्ये, बत्तिशीच्या उंबरठ्यावर, तो थांबला.

काका, इथपर्यंत तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. पोट भरतं. नुसतं भरत नाही, चांगलं घर होतं, देशोदेशी मान मिळतो. चौदा वर्षं भरलं.

पण माणूस बत्तीस वर्षांचा झाला म्हणून भूक थांबत नाही. आणि इथून पुढे जे वाचलं, त्याने मला झोप लागू दिली नाही.

शर्यती सोडल्यावर टेलरने काय केलं असेल? त्याने वुस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये अर्ज केला. इंजिनियरिंगला! जन्मभर बेअरिंग, गिअर, टायर, हवेचा अवरोध अंगावर झेललेला माणूस तो. त्याला आता हे सगळं नीट, पुस्तकातून शिकायचं होतं. कॉलेजने प्रवेश नाकारला. कारण, हायस्कूल पास झाल्याचं सर्टिफिकेट नव्हतं. कुठून असणार? ज्या वयात ते मिळतं, त्या वयात तो पेपर टाकत होता आणि दुपारी चारला कसरती करत होता.

मित्रांनो, हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. समोर टर्म वर्कच्या फायली पडल्या होत्या, मित्राच्या फाइलवरून उतरवून काढलेल्या. त्याच सकाळी थर्मलच्या लेक्चरला माझी प्रॉक्सी लागली होती. विश्वविजेत्याला जो बेंच मिळाला नाही, तो बेंच मी सकाळी रिकामा ठेवला होता. जास्त काही लिहीत नाही. तुमचं तुम्ही बघा.

पुढची गोष्ट भराभर उतरणीची आहे. साठवलेला पैसा त्याने मोटारीच्या टायरच्या धंद्यात घातला, तो बुडाला. बाकीचे धंदेही चालले नाहीत. दागिने गेले, घर गेलं. कित्येक वर्षं खपून त्याने आत्मचरित्र लिहिलं, प्रकाशक न मिळाल्याने १९२८ मध्ये स्वतःच छापलं आणि दारोदार हिंडून विकलं. एकेकाळी ज्याला बघायला लोक तिकीट काढायचे, तो आता दाराची कडी वाजवून उभा राहायचा. संसार मोडला. १९३० च्या सुमारास तो एकटाच शिकागोला गेला आणि राहिला कुठे, तर तिथल्या वायएमसीएमध्ये, कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या. लहानपणी ज्या दारात अडवलं होतं, त्याच नावाच्या छपराखाली शेवटचे दिवस. २१ जून १९३२ रोजी कुक काउंटी हॉस्पिटलच्या धर्मादाय वॉर्डात तो गेला. वय त्रेपन्न. देह न्यायला कुणी आलं नाही. बेवारसांच्या जागेत, दगडसुद्धा न लावता पुरलं.

१९४८ मध्ये जुन्या प्रोफेशनल रेसरांच्या एका मंडळाने ती जागा हुडकून काढली. त्यांनी त्याला त्याच स्मशानभूमीतल्या चांगल्या जागी पुन्हा पुरलं आणि वर ब्राँझची पाटी बसवली. पैसे दिले फ्रँक श्विन यांनी, श्विन सायकल कंपनीचे मालक. आणि इथे गोष्ट आपल्या महाशयांपाशी परत येते. १९६३ मध्ये याच श्विनने स्टिंग-रे नावाची छोट्या चाकांची, उंच हँडलची सायकल काढली. १९७० च्या आसपास दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं तसल्याच सायकली घेऊन मातीच्या ट्रॅकवर मोटोक्रॉसची नक्कल करायला लागली, आणि बीएमएक्स सुरू झालं. तिकडे उत्तर कॅलिफोर्नियात मॅरिन काउंटीतले काही अवलिये श्विनच्याच १९३० च्या दशकातल्या जुन्या फ्रेम डोंगरावर नेऊन खाली सोडत होते. १९७६ पासून त्यांनी घड्याळ लावून त्याची शर्यत केली. तिचं नाव रिपॅक. कारण एका उतारात मागच्या हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते दर वेळी नव्याने भरावं लागायचं! गॅरी फिशर, जो ब्रीझ ही नावं त्यातूनच पुढे आली. माउंटन बाइकचा उगम तो. १९९६ मध्ये माउंटन बाइक ऑलिंपिकमध्ये गेली, २००८ मध्ये बीएमएक्स रेसिंग. आणि २०२१ मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये बीएमएक्स फ्रीस्टाइल, म्हणजे निव्वळ कसरती. दुकानापुढे दुपारी चारला जे चालायचं, ते शेवटी ऑलिंपिकमध्ये पोचलं. इंडियानापोलिसमध्ये १९८२ मध्ये त्याच्या नावाचा ट्रॅक झाला. वुस्टरमध्ये २००८ मध्ये त्याचं शिल्प उभं राहिलं.

मी हे सगळं त्या पोराला सांगितलं. गच्चीवर, लाइट गेले होते तेव्हा. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने फक्त स्टेमबद्दल विचारलं, किती लांब होता म्हणून. मी कपाळाला हात लावला! पण दुसऱ्या दिवशी तो ग्राफिक्सची शीट घेऊन माझ्या रूमवर आला. शीटच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तो स्टेम काढलेला होता, तिन्ही व्ह्यूमध्ये, मापांसकट. या वेळी ग्राफिक्स निघाला. एम-वन राहिलाय. चाक अजून हवेत आहे.

काका, हा अंक तो सुट्टीत घरी आणेल. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. सायकल चालवून पोट भरतं, पण पाय चालतात तोवर. टेलरला सायकलने बुडवलं नाही. सायकल सुटल्यावर त्याच्यासाठी दुसरं एकही दार उघडलं नाही, म्हणून तो बुडाला. तुमच्या पोरासाठी ते दार उघडं आहे, तुम्ही डेपोत हात काळे करून उघडं ठेवलंय. त्याला सायकल चालवू द्या. एम-वनचं मी बघतो.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी